दीड फॉरवर्ड

त्या संध्याकाळी बैठकेत, म्हणजे गावाच्या मंडळाच्या खोलीत, तेरा जर्सी होत्या, बुटांचे अकरा जोड, दोन फुटबॉल (त्यातला एक हवा न धरणारा), कापराच्या तेलाची अर्धी बाटली, गणपतीनंतर परत न गेलेला एक ढोल आणि दीड फॉरवर्ड.

दीड हा हिशेब तुलसीरामचा. तो प्लेन दे पपाय या बेटावरच्या मराठी गावाच्या फुटबॉल टीमचा कोच. एरवी किराणा दुकान चालवायचा, आणि सारं गाव त्याला तोंतों म्हणायचं, म्हणजे काका. दारात पाऊस निथळवत उभ्या असलेल्या कामिनीला त्यानं न विचारताच बोटं मोजून दाखवली.

"चार व्हते, मिस. हरिलाल लंडनला गेला, नर्स व्हायला. इंद्रदेव सायकलवरनं उसाच्या गाडीवर आदळला, खांद्याचं हाड गेलं. ऱ्हायला सीताराम, तो एक. आनि हा बसलाय तो अर्धा."

कामिनी आत आली होती ती फक्त पावसामुळे. बसनं तिला नाक्यावर सोडलं, छत्री इस्पितळातच राहिली होती, आणि सगळ्यात जवळचं छप्पर बैठकेचं. शनिवारी इथं मुलांना मराठी शिकवत, इतर दिवशी टीमच्या सामानाची पेटी असे. पुण्याहून फिजिओथेरपी शिकून परत येऊन तिला आठ महिने झाले होते. सरकारी इस्पितळात तिची नोकरी होती; गावाच्या मते मात्र ती मालीश करायची.

'अर्धा' बाकावर बसला होता. डावा पाय त्यानं ढोलावर लांब ठेवला होता आणि गुडघ्याला हळदीचं फडकं गुंडाळलं होतं. ती आपल्या गुडघ्याकडे बघतेय हे त्यानं पाहिलं, आणि मग तो तिच्याकडे बघत राहिला… जरा जास्तच वेळ.

"कशानं झालं?" तिनं विचारलं.

"झाकरीनं."

"झाकरी नाचताना?"

"विसर्जनाला. नदीपोत्तर बसून-उठून नाचायचं असतंय ना. सोळा फेऱ्या झाल्या. सतराव्याला गुडघा म्हनला, बे, तू जा फुडं, मी हितंच थांबतो."

"आणि चार दिवसांवर मॅच होती," तोंतों कडवटपणे म्हणाला. "मी हात जोडले याच्या. म्हनलं सत्यदेव, तू टाळ्या वाजव फकस्त."

"गनपतीफुडं टाळ्या वाजवत उभा ऱ्हाऊ? सीतारामसारका?"

कामिनीला हसू आलं. ते लपवायला तिनं पिशवीत हात घातला आणि मोजायची फीत काढली.

"आयो," सत्यदेव म्हणाला. "पुन्याला शिंपीकाम शिकलात काय, मिस?"

"पाय हलवू नका."

फडकं सोडून तिनं गुडघा चाचपला. आत काही तुटलेलं नव्हतं, पण पाय वापरात नसल्यानं मांडी बारीक व्हायला लागली होती. गुडघ्याच्या वाटीपासून पंधरा सेंटिमीटर वर तिनं पेनानं ठिपका काढला, आधी उजव्या मांडीवर, मग डाव्या. फीत फिरवली. तोंतोंची बायको देवकी शेजारीच भाजी निवडत बसली होती. तिचा सुरीचा आवाज थांबला, आणि जरा वेळानं पुन्हा सुरू झाला.

वहीत कामिनीनं लिहिलं: उजवी ५३.०, डावी ५०.२, फरक २.८.

"हा फरक अर्ध्याच्या आत आला की खेळायचं," ती म्हणाली. "त्याआधी नाही. मी दर गुरुवारी येऊन मोजीन."

"दर गुरवारी?" सत्यदेवनं अगदी गंभीर चेहरा करून विचारलं. "पाऊस नसला तरी?"

देवकीनं गोणपाटाची एक पिशवी शिवून दिली. तिच्यात तीन किलो वाळू भरून कामिनीनं दोन पांढरे पट्टे लावले. खुर्चीत बसायचं, पिशवी पावलाला बांधायची, पाय सरळ करायचा, दहापर्यंत आकडे म्हणायचे, खाली. दिवसातून तीन वेळा.

तो करत होता. दुसऱ्या गुरुवारी फरक अडीच झाला, तिसऱ्या गुरुवारी दोन पॉइंट दोन, चौथ्या गुरुवारी एक पॉइंट नऊ. कारखान्यातून तो थेट यायचा. तो तिथं फिटर होता, आणि कितीही धुतला तरी त्याच्या हातांना ग्रीसचा आणि ताज्या उसाच्या रसाचा मिळून एक वास असायचा. कामिनीला तो वास गुरुवारच्या सकाळपासूनच यायला लागायचा. हे शास्त्रात बसत नव्हतं. तिनं त्यावर फार विचार केला नाही… म्हणजे, केला, पण वहीत लिहिला नाही.

"तुमची मराठी कशी इस्त्री केलेली हाय," तो एकदा म्हणाला.

"आणि तुमची?"

"आमची दोरीवर वाळतिया अजून."

चौथ्या गुरुवारनंतरच्या रविवारी कपचा उपांत्य सामना होता, शमें ग्रेनिए गावाविरुद्ध. शनिवारी तोंतों तिच्या घरी आला. टोपी हातात होती.

"मिस, वीस मिनिटं. फकस्त वीस. एकट्या सीतारामवर कसं भागनार?"

"एक पॉइंट नऊ," कामिनी म्हणाली.

"गावानं पंधरा वर्सं वाट पायलीय."

"मांडीला ते माहीत नाही, तोंतों."

सत्यदेव दारात उभा होता. तो एक शब्द जरी बोलला असता, तरी तिला नाही म्हणणं अवघड झालं असतं. तिच्याकडे बघून त्यानं फक्त मान हलवली, आणि तोंतोंला खांद्याला धरून घेऊन गेला.

टीम एक-शून्यानं हरली. सीताराम साठाव्या मिनिटाला पोटरी धरून बसला. सोमवारी बाजारात दोघीतिघी बायका कामिनीशी बोलल्या नाहीत. भेंड्या तोलताना एकीनं मात्र, भेंड्यांकडे बघतच, म्हटलं, "काई लोकांना फीत मोटी आनि गाव ल्हान."

आणि त्याच आठवड्यात पत्र आलं. रेयुन्यों बेटावरच्या एका क्लबच्या माणसानं जुलैमध्ये सत्यदेवला खेळताना पाहिलं होतं. जानेवारीत त्यांचा डॉक्टर गुडघा तपासणार. गुडघा बरा असेल तर वर्षाचा करार, गॅरेजमध्ये नोकरी, राहायला खोली. सोबत इथल्या फिजिओथेरपिस्टचा दाखला हवा.

तोंतोंनं ते पत्र बैठकेत दोनदा वाचून दाखवलं. कामिनी ऐकत होती. विमानानं तासाभराचीही वाट नाही, असं कुणीतरी म्हणालं. तासाभराची वाट म्हणजे किती लांब असते, हे तिला त्या क्षणी नीट कळलं.

पुढच्या गुरुवारी फरक एक पॉइंट नऊ भरला.

त्याच्या पुढच्या गुरुवारी एक पॉइंट नऊ.

तिसऱ्या गुरुवारीही एक पॉइंट नऊच. आणि तो आकडा लिहिताना आपल्याला बरं वाटलं, हे कामिनीच्या लक्षात आलं. तिला ते आवडलं नाही.

तिनं शोध सुरू केला. आधी संशय फितीवर: कापडी फीत ताणते. इस्पितळात स्टीलच्या पट्टीवर तिनं ती मोजली. दीडशेला दीडशे होती. मग संशय ठिपक्यावर, मग मोजण्याच्या वेळेवर. शेवटी तिनं वही उलगडून तारखा पाहिल्या. फरक कमी होणं थांबलं ते नेमकं पत्र आलेल्या आठवड्यापासून.

शनिवारी दुपारी ती त्याच्या घरी गेली. त्याची आई भगवती अंगणात लोणच्याच्या फोडी वाळवत होती.

"या, मिस. बसा. तो येईलच कारखान्यातनं."

फोडींवर मलमलीचं फडकं होतं, आणि ते वाऱ्यानं उडू नये म्हणून कोपऱ्यावर वाळूची एक पिशवी ठेवली होती. गोणपाटाची. तिचे दोन पट्टे अजून पांढरेशुभ्र होते. एका पट्ट्यावर हळदीचा डाग होता, बस.

"ही इथं कधीपासून?" कामिनीनं विचारलं.

"झाले की तीन हप्ते. उचलतच न्हाय पोर. म्या इचारलं, तर म्हनला मिसनं आराम सांगितलाय." भगवतीनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "सांगितला न्हवता?"

घरामागे लिचीचं झाड होतं. फळं नुकती लाल व्हायला लागली होती आणि वटवाघळांसाठी त्यावर जाळं टाकलं होतं. सत्यदेव सायकल ढकलत आला, तेव्हा कामिनी त्या झाडाखाली उभी होती. तिच्या हातात पिशवी होती. त्यानं सायकल भिंतीला लावली, उगाच दोनदा.

"तीन किलो जड आहे," ती म्हणाली. "मलाही कळतंय."

त्यानं सदऱ्याला हात पुसले.

"मी फीत तपासली. ठिपका तपासला. स्वतःला तपासलं… मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. आणि तुम्ही लोणचं राखत होता."

"आकडा खोटा न्हवता," तो हळू म्हणाला. "तू मोजलास तो खराच व्हता."

'तू' त्याच्या तोंडून निसटलं होतं. दोघांनाही ते ऐकू आलं.

"का पण?"

सत्यदेवनं जाळ्यातून हात घालून एक लिची तोडली, आणि न सोलताच हातात फिरवत राहिला.

"फरक अर्धा झाला की तू सही करनार. सही झाली की मी रेयुन्योंला. मंग गुरवारी… मला कोन मोजनार?"

वारा आला. जाळं हललं. कामिनीला वाटलं, आपण आत्ता 'नको जाऊस' म्हटलं, तर हा जाणार नाही. इतकं सोपं आहे. गुडघा एक पॉइंट नऊवर राहील, हा कारखान्यात यंत्रांचे पट्टे बसवत राहील, आणि गुरुवार येत राहतील. आणि दर गणपतीला हा ढोलाशेजारी टाळ्या वाजवत उभा राहील, ते मला बघवेल का?

"उद्यापासून बैठकेत यायचं," ती म्हणाली. "संध्याकाळी साडेपाचला. पिशवी मी आणीन. माझ्यासमोर उचलायची."

"गुरवारी?"

"रोज."

त्यानं वर पाहिलं. "रोज आलो तर गुडगा बरा होईल, कामिनी."

"होऊ दे," ती म्हणाली.

त्यानं लिची सोलली आणि तिच्या हातावर ठेवली. ती अजून आंबट होती. तिनं ती पूर्ण खाल्ली.

तेव्हापासून रोज साडेपाच. देवकी भाजी निवडायची. पुढं-पुढं तिच्या टोपलीत भाजी नसायचीच, ती नुसतीच सुरी हातात धरून बसायची, आणि मध्येच "बाई गं, दूध ठेवलंय" म्हणत उठून जायची. सत्यदेव पाय सरळ करायचा, कामिनी आकडे म्हणायची. कधीकधी ती आठानंतर थांबायची. पाय हवेतच, तो तिच्याकडे बघत.

"नऊ," तो म्हणायचा. "बे, नऊ म्हन की."

"नऊ…"

एक पॉइंट चार. एक. शून्य पॉइंट सात.

डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारी सांत्र द फ्लाकच्या टीमशी वर्षातली शेवटची मॅच होती. फरक शून्य पॉइंट चार होता.

"चाळीस मिनिटं," कामिनीनं तोंतोंला सांगितलं. "एक्केचाळिसावं नाही."

तोंतोंनं कानाला हात लावला. त्या दिवशी प्लेन दे पपायला दोन पूर्ण फॉरवर्ड होते. सत्यदेव डावीकडून निघाला की भिंतीसारखे उभे गडी बाजूला व्हायचे, आणि कामिनी चेंडूकडे न बघता डाव्या गुडघ्याकडे बघायची. एक गोल त्यानं केला. दुसऱ्याच्या वेळी त्यानं चेंडू सीतारामला दिला, आणि सीताराम पस्तीस वर्षांचा आहे हे सीतारामसकट सगळे विसरले. चाळिसाव्या मिनिटाला कुणी हाक न मारता सत्यदेव स्वतःच बाहेर आला आणि तिच्या शेजारी गवतावर बसला. अंग घामानं भिजलेलं, तोंडभर हसू. भेंड्या तोलणारीनं मागून तिच्या हातात सरबताचा ग्लास दिला.

"तू बघितलंस?" त्यानं विचारलं.

"गुडघा बघितला."

"आनि मी?"

"तूही होतास मध्ये कुठंतरी."

दाखल्यावर तिनं दुसऱ्या दिवशी सही केली.

जानेवारीतला शेवटचा गुरुवार. क्लबच्या डॉक्टरनं गुडघा पास केला होता, आणि विमान शुक्रवारी सकाळी होतं. बैठकेबाहेर पाऊस होता, उन्हातच पडणारा, कुणाची वाट न अडवणारा. कामिनी आली तेव्हा सत्यदेव बाकावर बसला होता, धुतलेला सदरा घालून. देवकी दूध ठेवायला गेली होती.

तिनं ठिपके काढले. फीत फिरवली, आधी उजवीकडे, मग डावीकडे. दोन्ही वेळा तिनं आकडा दोनदा वाचला.

"त्रेपन्न," ती म्हणाली. "त्रेपन्न."

"म्हंजे संपलं?"

"फरक संपला."

दोघंही ढोलाकडे बघत राहिले. अजून कुणी तो परत नेला नव्हता.

"गनपतीला येनार हाय मी," सत्यदेव म्हणाला. "सुट्टी लिहून घेतलीय करारात. तोंतोंनीच लिहायला लावली. नाचनार न्हाय म्हनलं त्यांना."

"नाच," कामिनी म्हणाली. "पण सोळाच फेऱ्या."

"तू मोजशील?"

तिनं मान डोलावली. ती फीत गुंडाळायला लागली, तसा त्यानं तिच्या हातावर हात ठेवला.

"दे जरा हिकडं."

"कशाला?"

"आता माजी पाळी."

त्यानं फीत घेतली. तिचा डावा हात उचलून त्यानं आपल्या गुडघ्यावर ठेवला, त्याच गुडघ्यावर, आणि करंगळीशेजारच्या, अंगठीच्या बोटाभोवती फीत फिरवली. सावकाश. कारखान्यात मोठाले पट्टे बसवणारी ती बोटं फितीचं टोक जुळवत होती. कामिनीनं हात मागे घेतला नाही.

"घट्ट नगं, सैल बी नगं," तो स्वतःशी पुटपुटला. "फिटर हाय मी. अर्धा मिलिमीटर चुकलं तरी बसत न्हाय." मग त्यानं मान वर केली. "मला बारीक रेघा दिसत न्हाईत या उजेडात. तू वाच. आनि वहीत लिही."

कामिनी वाकली. त्याच्या अंगठ्याच्या नखापाशी रेघ होती. तिनं ती एकदा वाचली, मग पुन्हा एकदा. पाऊस थांबला होता की चालू होता, ते तिला नंतर आठवलं नाही. वहीत त्रेपन्न-त्रेपन्नच्या खाली एक ओळ मोकळी होती.

"पाच सेंटिमीटर," ती म्हणाली, "दोन मिलिमीटर."