क्षणात बुडणारी नाव

नाव पाण्यात उतरायची आणि बुडायची. मध्ये काहीच घडत नव्हतं. काळ्या पडद्यावर हिरवी नदी दिसायची, काठावर माणसं उभी असायची, आणि कृत्तिकाचं बोट कळफलकावर टेकण्याआधीच ठिपक्याठिपक्यांनी काढलेली अक्षरं उमटायची : नाव बुडाली.

"परत लाव," मुजावर आजी म्हणाल्या.

कृत्तिकानं खेळ परत लावला. नाव परत बुडाली.

हा खेळ तिच्या आजोबांनी, जयवंत शेळक्यांनी, कॉलेजात असताना लिहिला होता. जोडीला शिरीन मुजावर होत्या. कृष्णेला पूर आलाय, ओंडके वाहत येतायत, ते चुकवत नावाड्यानं माणसांना पलीकडच्या काठावर न्यायचं, असा तो खेळ. पुढे दोघंही शास्त्रज्ञ झाले आणि खऱ्या पुराचा अंदाज सांगणारी यंत्रं त्यांनी उभी केली. मिरजेतली पुष्कळ माणसं त्या यंत्रांमुळे जिवंत होती. पण उन्हाळ्यात आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून ते एक शब्दही बोलले नव्हते. काही विचारलं तर भिंतीकडे बघत राहायचे. आई त्यांना पलंगावरून उचलून चाकांच्या खुर्चीत बसवायची आणि मग स्वतः कमरेवर हात ठेवून दाराला टेकून उभी राहायची.

सोमवारी काळजी केंद्राचा यंत्रमानव येणार होता. तो घरोघर जाऊन आजाऱ्यांना प्रश्न विचारी. उत्तरं देता आली, तर कुठे राहायचं हे आजारी माणूस स्वतः ठरवी. नाही आली, तर केंद्र ठरवी, आणि मग त्या माणसाला त्याबद्दल पुन्हा कुणी विचारत नसे. शेजारच्या गल्लीतल्या पाटील काकूंना असंच केंद्रात नेलं होतं.

"आजोबांना त्यांचा खेळ दिसला तर ते बोलतील," असं कृत्तिकाच्या मनानं घेतलं होतं. म्हणून तिनं मुजावर आजींना बोलावलं होतं आणि आजोबांच्या खोलीतला पन्नासेक वर्षांचा संगणक पुसून चालू केला होता.

"बिघाड शोधायचा म्हणजे एकेका संशयिताला सोडून द्यायचं," आजी म्हणाल्या. "पहिली संशयित फ्लॉपी (जुन्या काळी माहिती साठवायची चुंबकीय चकती). ती खराब असती तर खेळ मुळात उघडलाच नसता. सोडली. आता कळफलक बघ."

कृत्तिकानं दुसऱ्या एका प्रोग्राममध्ये (संगणकाला दिलेल्या सूचनांच्या संचात) सगळी अक्षरं टाइप करून पाहिली. सगळी उमटली. कळफलकही सुटला.

"म्हणजे यंत्र चांगलं आहे आणि खेळही चांगला आहे. मग नाव का बुडते?"

साठ वर्षांपूर्वीचं आजींनाही धड आठवत नव्हतं. कृत्तिका चिडून पडद्याकडे बघत बसली. मग तिला एक सुचलं. तिनं मोबाइलवर पडद्याचं चित्रण केलं आणि ते अगदी सावकाश चालवून पाहिलं.

नाव काठावरून निघाली. डावीकडून ओंडका आला. नाव सरळच जात राहिली, कारण तिला वळवायला कुणी नव्हतं. ओंडका आदळला. नाव बुडाली.

"आजी, सगळं होतंय. फक्त डोळ्याचं पातं लवायच्या आत होतंय."

मुजावर आजींनी चष्मा काढला. "लपाछपीत राज्य कुणावर आलं की ती काय करते?"

"डोळे मिटून शंभर मोजते."

"का?"

"बाकीच्यांना लपायला वेळ मिळावा म्हणून."

"आणि ती भराभर मोजणारी असेल तर?"

"लपायच्या आतच पकडते."

"आमच्या खेळानं तेच केलंय. ओंडका जरा पुढे सरकला की आम्ही प्रोसेसरला (संगणकातल्या हिशेब करणाऱ्या भागाला) सांगितलं होतं, आता दहा हजार मोज, मग पुढे सरक. कॉलेजातलं यंत्र हळू मोजायचं. तेवढ्यात माणसाला नाव वळवता यायची. हे यंत्र त्याच्या नंतरचं, कितीतरी चपळ. ते मोजून मोकळंही होतं. आम्ही घड्याळ बघायला सांगितलंच नव्हतं बघ, नुसतं मोजायला सांगितलं होतं. सगळी यंत्रं आपल्याच यंत्राच्या वेगानं मोजतील असं धरून चाललो."

संगणकाच्या पेटीवर 'टर्बो' लिहिलेलं एक बटण होतं. त्या काळी असे जुने खेळ चालावेत म्हणून त्यानं यंत्राचा वेग मुद्दाम कमी करता येई. कृत्तिकानं ते दाबलं, पण फरक पडला नाही. त्यांनी वीज बंद करून झाकण उघडलं. बटणाकडून आलेल्या दोन बारीक तारा धुळीत लोंबत होत्या. आजींनी त्या आतल्या पाटीवरच्या (सर्किट बोर्डवरच्या) टोकांना जोडल्या.

या वेळी नाव निघाली आणि डुलत डुलत चालू लागली. कृत्तिकानं ओंडका चुकवला, मग दुसरा. एक माणूस पलीकडे पोचला.

आईनं आजोबांची खुर्ची पडद्यासमोर आणली. कृत्तिकानं त्यांचा चांगला हात बाणाच्या कळीवर ठेवला आणि खेळ सुरू केला. बोट हललं नाही. नाव बुडाली. पुन्हा बुडाली. आई हळूच म्हणाली, "राहू दे, कृत्तू. त्यांना त्रास नको देऊस."

पण कृत्तिका आजोबांच्या बोटाकडे बघत होती. नाव बुडून गेल्यावर, बऱ्याच वेळानं, ते बोट कळीवर दाबलं जात होतं. प्रत्येक वेळी.

"आजी, दहा हजाराच्या जागी मोठा आकडा टाका. खूप मोठा."

मुजावर आजींनी आकडा बदलला. आता ओंडका इतका सावकाश सरकू लागला की बघणाऱ्याला कंटाळा यावा. तो अगदी नावेजवळ आला. आजोबांचं बोट दाबलं गेलं. नाव बाजूला झाली आणि ओंडका वाहून गेला.

आई जमिनीवर बसली. उन्हाळ्यापासून ती वडिलांना प्रश्न विचारत होती, आणि उत्तर यायच्या आत स्वतःच देत होती.

सोमवारी यंत्रमानव आला. त्याचा आवाज गोड होता.

"नमस्कार. आपलं नाव काय?" तो थांबला. "आज कोणता वार आहे?" तो पुन्हा तेवढाच थांबला.

"तू किती थांबतोस?" कृत्तिकानं विचारलं.

"चार सेकंद."

"कुणी ठरवलं?"

"माझ्या प्रोग्राममध्ये तसं आहे. बदल फक्त पर्यवेक्षक करू शकतात."

मुजावर आजींनी पर्यवेक्षकाला व्हिडिओ फोन लावला. तो दमलेला माणूस होता. रोज शेकडो घरं असतात, सगळीकडे थांबत बसलो तर काम कधी उरकायचं, असं त्याचं म्हणणं. आजींनी फोन खुर्चीसमोर धरला आणि त्याला नावेचा खेळ दाखवला. आजोबांनी ओंडका चुकवेपर्यंत तो बघत राहिला. मग त्यानं यंत्रमानवाची मर्यादा काढून टाकली.

"आपलं नाव काय?"

बाहेर भाजीवाला ओरडत येऊन पुढे निघूनही गेला.

"जय... वंत."

आईनं तोंडावर पदर धरला. प्रश्न पुढे जात राहिले, उत्तरं येत राहिली. कृत्तिकाला वाटलं, आपण जिंकलो. शेवटचा प्रश्न आला : "आपल्याला कुठे राहायचं आहे? घरी, की केंद्रात?"

या वेळी आजोबांना सगळ्यात जास्त वेळ लागला.

"केंद्रात."

"बाबा, नाही," आई म्हणाली. "मी करते ना सगळं."

ते तिच्याकडे बघत होते, भिंतीकडे नाही. "तुझी... पाठ."

कृत्तिका खोलीतून निघून गेली. आजोबांना घरी ठेवण्यासाठी तिनं एवढं सगळं केलं होतं. मुजावर आजी तिच्यामागे आल्या, शेजारी बसल्या. "जयवंतला काय हवंय, ते तू विचारायला लावलंस," त्या म्हणाल्या. "आता त्याचं उत्तर आपल्याला आवडेलच असं नाही."

आजोबा केंद्रात गेले आणि दिवाळीच्या आधी तिथेच वारले. तोवर कृत्तिका रोज शाळेनंतर जायची. पहिल्या दिवशी केंद्राच्या लांबलचक दालनात भयाण शांतता होती. यंत्रमानव एकेका खाटेपाशी जाऊन प्रश्न विचारत, चार सेकंद थांबत आणि पुढे सरकत. आजोबांच्या खाटेपाशी मात्र ते उत्तर येईपर्यंत थांबत. ते बघून तिनं पर्यवेक्षकाला गाठलं, आणि त्यानं जरा कुरकुरत सगळ्या दालनाची मर्यादा काढून टाकली.

आजोबा गेल्यानंतरही एका संध्याकाळी ती तिथे गेली. खिडकीजवळच्या खाटेवर पाटील काकू होत्या. वर्षभर त्या मुक्या आहेत असंच सगळे धरून चालले होते. कृत्तिका त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसली.

"काकू, काही हवंय का?"

काकू छताकडे बघत होत्या. एक बाई औषधांची गाडी ढकलत गेली. बाहेरचे दिवे लागले. कृत्तिकानं प्रश्न दुसऱ्यांदा विचारला नाही.

"खिडकी," पाटील काकू म्हणाल्या. "उघड जरा."