पहिल्या पानावर

महागावच्या बसस्टँडसमोर मोबाइलचं एक लहानसं दुकान आहे. गणपती उठले त्या आठवड्यात मी तिथं मेमरी कार्ड रिकामं करून घ्यायला गेले होते. काउंटरवरच्या मुलानं कार्ड घेतलं, पण नजर माझ्या हातावरच राहिली – अंगठ्याजवळच्या तिळावर.

"हा हात मी पाह्यलेला आहे," तो म्हणाला.

मी हात ओढणीखाली घेतला.

"तसं नाही जी... लाल कापडावर आरसे लावते हा हात. व्हिडिओत. एकतीस वेळा पाह्यल्या गेला तो. त्यातले अकरा वेळा मीच."

व्हिडिओ माझाच होता. आमच्या तांड्यातला कशिदा मी याडीकडून, म्हणजे माझ्या आईकडून शिकले आणि हौसेनं तो फोनवरून टाकला होता.

"अकरा वेळा कायले?"

"टाका समजत नव्हता." मग हळूच, "अकराव्यांदा समजला. तरी बाराव्यांदा पाहीन."

त्याचं नाव रजत. दुकान काकांचं, तो स्वतः लोकांचे व्हिडिओ सर्चमध्ये वर आणून द्यायचा. त्याचं घर कापूस-तुरीच्या वावराचं, माझं तांड्यातलं. ते दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही त्यावर बोलत नव्हतो.

"तुमच्या व्हिडिओचं नाव काय, तर नुसते आकडे," तो म्हणाला. "सर्चले आरसे दिसत नाहीत, अक्षरं दिसतेत. पुण्यातली एखादी ताई फोनवर काय लिहीन, ते आधी मनाले विचारा."

मग दर शनिवारी दुपारी दुकानाबाहेरच्या बाकावर आम्ही नावं ठरवू लागलो. 'बंजारा कशिदा घरच्या घरी कसा शिकावा'. खाली कितव्या मिनिटाला कोणता टाका, माझं सगळं बोलणं अक्षरांत, आणि वर माझ्या हाताचा मोठा फोटो. चौथ्या पानावरचा व्हिडिओ दिवाळीनंतर दुसऱ्या पानावर आला, संक्रांतीला पहिल्या. त्या दिवशी त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवली. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला... आणि आम्ही दोघंही सरकलो नाही.

"मले शोधायचं असन तर काय लिहिशील?" त्यानं विचारलं.

"महागावातला आगाऊ पोरगा."

"त्यात तर मी पहिलाच येतो."

"दुसरं कोणी नाही म्हणून."

"तेच पाह्यजे मले," तो म्हणाला. "तुह्या शोधात दुसरं कोणी नसावं."

फेब्रुवारीत याडीच्या गळ्याला गाठ निघाली. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, साधी गाठ आहे, काढून टाकू. पण आवाज थोडा बसू शकतो. याडीचा आवाज म्हणजे... मुलगी सासरी निघताना आमच्यात रडत रडत ढावलो गातात. तांड्यातल्या मुलींना तो याडीच शिकवायची.

"तुह्या लग्नात आवाज राह्यला नाही तर?" ती म्हणाली. "आताच गाऊन ठेवते. तू भरून घे."

रजत चांगला माइक घेऊन आला. याडी अंगणात बसून माझ्याकडे बघत गायली, आणि शेवटच्या ओळीला तिनं त्याच्याकडेही पाहिलं. त्याचे डोळे भरले. निघताना तो तिच्या पाया पडला. मला वाटलं, आता फक्त बोलून दाखवायचं राहिलंय.

चार दिवसांनी सकाळी ढाणकीहून खेमसिंग मामा आले. सोबत दोन बाया, तिघंही तांड्याच्या वेशीपासून रडत. याडी चुलीपुढं भाकरी थापत होती. तिला बघून मामा होते तिथंच मटकन बसले. मग त्यांनी फोन काढून दाखवला. माझ्याच चॅनलवर याडीचं गाणं होतं आणि नाव होतं – 'मरणाऱ्या आईचं लेकीसाठी शेवटचं गाणं, रडू आवरणार नाही'. पासवर्ड रजतकडे होता. 'आईचं गाणं' शोधलं की तेच पहिलं येत होतं. खाली शेकडो लोकांनी श्रद्धांजली वाहिली होती.

याडीनं सगळ्यांना चहा दिला. ते गेल्यावर म्हणाली, "डॉक्टरनं तुले काय सांगतलं? खरं सांग."

"साधी गाठ आहे, याडी."

"मंग इतक्या लोकायले कसं माहीत? तुमी दोघायनं लपवलं. म्हणूनच गाणं भरून घेतलं."

मी शपथा घेतल्या. ऑपरेशनची तारीख आली, ती बसमध्ये चढलीच नाही. पेटी उघडून कोणता दागिना कोणाला द्यायचा ते सांगत बसली.

मी दुकानात गेले. "खोटं काहून लिहिलं?"

"लोक हेच शोधतेत, बबिता. ढावलो कोणी लिहीत नाही."

"याडी मेली नाही."

"मी 'मेली' नाही लिहिलं. 'मरणारी' लिहिलं." बोलून त्यानंच मान खाली घातली. "चॅनल मोठं झालं असतं तर घरी सांगता आलं असतं... ही पोरगी कोण आहे ते. मले तूच पाह्यजे. आपल्या दोघांसाठीच केलं मी."

पाच महिने मी या वाक्याची वाट पाहिली होती.

"काढ तो व्हिडिओ," मी म्हटलं.

त्यानं काढला. संध्याकाळी दुसऱ्या कुणाच्या चॅनलवरून तोच वर आला, अक्षर न् अक्षर तेच नाव. रजत तक्रारी करत राहिला. एक उतरला की दोन चढत. कामात तो खरंच हुशार होता.

आरोग्य खात्याच्या आशा सेविका विमलताई रोज येऊन याडीची समजूत घालत बसायच्या. तीन आठवड्यांनी याडी तयार झाली. गाठ साधीच निघाली. पण आवाज गेला. राहिली ती खरखर. पहिल्या तारखेला आलो असतो तर... मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तसं सांगता येत नाही.

मे महिन्यात रजत मला बसस्टँडवर भेटला. मूळ गाणं त्यानं पेनड्राइव्हमध्ये आणलं होतं. पुण्यात नोकरी लागली होती, याच कामाची.

"मी वाट पाहू काय?" त्यानं विचारलं.

"मलेही तूच पाह्यजे होता," मी म्हटलं.

"मंग?"

"याडी घरात बोलन, अन् मी दर वेळी तुह्याकडे पाहीन. रोज. सहन होईन तुले?"

त्यानं पेनड्राइव्ह माझ्यापुढं धरला. मी पेनड्राइव्ह घेतला आणि बसमध्ये चढले. खिडकीतून मागं पाहिलं नाही, पण फाटा येईपर्यंत डोळे थांबेनात. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "काय झालं माय?"

"आईचं ऑपरेशन आहे," मी म्हटलं. ऑपरेशन होऊन दीड महिना झाला होता. म्हातारीनं पदरानं माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, "बरी होईन तुही माय."