डोमकावळा, एक

२७ जानेवारी २०२४, शनिवार. धुकं इतकं दाट होतं की काशीतल्या दुर्गाघाटाच्या पायऱ्यांवरून गंगा दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. गोपीनाथनं वहीत लिहिलं: गावकावळे सतरा, डोमकावळे चार.

वीस वर्षं तो घाटावरचे पक्षी मोजत आला होता. लेकीला हे वेड त्यानंच लावलं. त्या वेडापायी ऋता थेट पेरूला पोचली, ॲमेझॉनच्या राखीव जंगलात प्रवाशांना पक्षी दाखवायच्या कामावर. जुलैत ती एकटीच मकाव पोपट मोजायला निघाली. होडी सापडली, ती नाही.

माणूस बेपत्ता झालं की बारा वर्षं वाट बघायची असते. गोपीनाथला सहा महिनेही झेपले नाहीत. त्याची बायको आनंदी दोन्ही वेळा लेकीचं ताट वाढायची आणि तसंच उचलायची. शेवटी त्यानं पळसाच्या देठांची बाहुली केली, नारळाचं डोकं बसवलं आणि तिला ऋता म्हणून अग्नी दिला. आज दहावा दिवस. सकाळी दहाला मांडलेला तिळभाताचा पिंड दुपारी चारलाही तसाच होता.

कावळे येत होते. पिंडाशी उतरायचे, मान तिरकी करून बघायचे आणि उलट्या पावली मागे सरायचे. ओरडत मात्र एकही नव्हता.

"गोपीनाथराव, दर्भाचा कावळा करू आणि शिववू," ढुंढिराज गुरुजी हलक्या आवाजात म्हणाले. "शास्त्रात सोय आहे. मला संध्येला उठायचंय."

"दर्भाचा कावळा माझ्या वहीत बसत नाही, गुरुजी."

"तुमची वही म्हणजे चित्रगुप्ताचीच," गुरुजी पुटपुटले. "मग काहीतरी कबूल करा तिला. कशात जीव अडकलाय... बघा."

गोपीनाथ हात जोडून उभा राहिला. "ऋता, तुझ्या वह्या जपेन." कावळे हलले नाहीत. "आईला सांभाळेन." काही नाही.

त्याच्या खिशात फोन होता, आणि फोनवर जंगलाच्या कचेरीचा निरोप. वरच्या ओढ्याकडे शोधाची शेवटची बोट सोडायची, त्याला फक्त हो म्हणायचं होतं. दोन दिवस त्यानं उत्तर दिलं नव्हतं.

"अहो, नको..." आनंदी मागून म्हणाली. त्याच्या मनात काय आहे ते तिला कळलं होतं.

"किती दिवस ताट वाढशील, आनंदी?" तो म्हणाला. मग पिंडाकडे वळला. "बेटा, आता आम्ही तुला शोधणार नाही. मोकळी हो."

धुक्यातून ओल्या, कुजलेल्या पाल्याचा वास आला. घाटावर असा वास कधी नसतो. एक डोमकावळा सरळ खाली उतरला, त्यानं पिंडात चोच घातली, घास उचलला आणि धुक्यात शिरला.

"सुटली," गुरुजी म्हणाले.

गोपीनाथनं नोंद केली: डोमकावळा, एक. शेपटीचं मधलं पीस तुटलेलं. चार वाजून दहा मिनिटं. मग कचेरीला कळवलं, बोट नको.

मार्चमध्ये पेरूहून एक पेटी आली. आत ऋताची दुर्बीण, वही आणि डॉक्टरांचा कागद होता. जुलैपासून वहीत रोजची पक्ष्यांची यादी होती, एकही दिवस गाळलेला नव्हता. पाय मोडला होता, ती वरच्या ओढ्याकाठच्या पडक्या मचाणावर होती. फळं, मासे, पावसाचं पाणी. दर पानाच्या तळाशी एकच ओळ: बाबा बोट पाठवतील.

शेवटचं पान २७ जानेवारीचं, पहाटे पाच चाळीसचं. काशीत तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झालेली असतात.

"डोमकावळा, एक. शेपटीचं मधलं पीस तुटलेलं. या अख्ख्या खंडात कावळा नाही. बाबांना विचारायचं. चोचीत काहीतरी आहे, माझ्याकडेच येतोय..."

त्या पानाच्या तळाशी ओळ नव्हती.

देह दोन फेब्रुवारीला दुसऱ्याच प्रवाशांना सापडला. कागदावर लिहिलं होतं: मृत्यू सहा दिवसांपूर्वी, कारण कळत नाही. उजव्या मुठीत शिजवलेला भात, त्यात काळे तीळ.