सगळ्या डाव्या बाह्या

बायको गेली हे डॉक्टरांनी मला दवाखान्याच्या व्हरांड्यात सांगितलं. ते बोलत होते आणि मी त्यांच्या काखेकडे बघत होतो. अंगातला निळा गाऊन तिथे फाटला होता. शिवण नव्हतीच, नुसतं चिकटवलेलं होतं. बायको गेल्याचं कळायला मला वेळ लागला. शिवण नाही हे मात्र लगेच कळलं. असं का झालं ते मला आजही समजत नाही.

डॉक्टरांनी तो गाऊन समोरून ओढून टर्रकन फाडला, डब्यात टाकला आणि ते आत गेले. डबा तसल्याच गाऊनांनी काठोकाठ भरला होता. मी शिंपी माणूस. माझा हात आपोआप डब्याकडे गेला... आणि कोणीतरी मनगट धरलं.

"त्याला हात लावायचा नसतो. चला, आधी हात धुवा."

सिस्टर होती. अंगाने लहानखुरी, गाऊनच्या बाह्या दोनदा दुमडलेल्या. तिने मला बेसिनपाशी नेलं आणि लहान मुलाचे धुवावेत तसे माझे हात साबणाने धुतले. मी विचारलं, एकदा घालून टाकून देता? ती म्हणाली, दिवसभर तेच चालतं. मी म्हणालो, कापडाचा शिवता येईल की, धुऊन पुन्हा घालता येईल असा. बायको आत होती आणि मी गाऊनबद्दल बोलत होतो. सिस्टरने मला वेड्यात काढलं नाही. हात पुसायला टॉवेल दिला.

काही महिन्यांनी ती दुकान शोधत आली. म्हणाली, मास्टर, तुम्ही म्हणाला होता तसा शिवून दाखवा. वरिष्ठांनी एका वॉर्डापुरतं करून बघायला होकार दिलाय.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. घरात मी आणि सासूबाई. बायको त्यांची एकुलती एक. लेकच नाही तर जावयाच्या घरी कशी राहू, हे त्या कधी बोलल्या नाहीत, पण त्यांची बॅग कपाटाखालून निघून कॉटखाली आली होती, हाताशी. त्यांना दुसरीकडे जायला जागा नव्हती. हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

कापड दाट विणीचं आणलं. त्याच्या एकाच बाजूवरून पाणी ओघळून जायचं, ती बाजू बाहेर ठेवायची. पहिला नमुना मी मागे बंद लावून शिवला. सिस्टरने घातला, इकडे तिकडे वाकून बघितला आणि काढताना सवयीने समोरून ओढला. टाकायचे गाऊन तसेच काढतात, समोरून ओढून फाडायचे. माझी शिवण कसली फाटते. गाऊनबरोबर सिस्टरच पुढे आली आणि कापायच्या टेबलावर आदळली. मग इतकी हसली, की मलाही हसू आवरेना. हसता हसता मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या खाली मान घालून भाजी निवडत होत्या. भाजी कधीच निवडून झाली होती.

दुसऱ्या नमुन्यात मी मानेपाशी टिचबटणं लावली. ओढलं की पटापट सुटतात, कापडाला काही होत नाही. कमरेचा बंद बाजूला आणला, म्हणजे सोडायला दुसरं माणूस लागत नाही. गळ्याची पट्टी मापाप्रमाणे रंगीत केली, धुलाईवाल्यांना लगेच निवडता यावेत म्हणून. सर्वांत लहान मापाला पिवळी. त्या मापाची बाही बेतायला मला सिस्टरचा हात मोजावा लागला. खांद्यापासून मनगटापर्यंत टेप धरला आणि आकडाच विसरलो. पुन्हा धरला. ती म्हणाली, "मास्टर, हात तोच आहे... वाढला नाही."

नमुने उकळत्या पाण्यातून धुऊन यायचे, मग कुठे विरलंय ते बघायचं. ते कोणाच्याही हाती पाठवता आले असते. ती स्वतः घेऊन यायची. यात काही नाही, असं मी स्वतःला सांगायचो. ती बायकोबद्दल विचारायची आणि मी सांगत बसायचो, ती किती चिडायची, कशी खोटं घोरायची. सिस्टर गेली की खोली रिकामी वाटायची. पण नेमकं कोण नाही म्हणून रिकामी, ते कळायचं नाही.

एकदा जाता जाता ती म्हणाली, लांबच्या एका दवाखान्यातून तिला बोलावणं आलंय, मोठी जागा आहे. मग बराच वेळ पिशवीचा बंद चाचपत उभी राहिली. मी विचारलं, "मग गाऊन कोण तपासणार?" ती माझ्याकडे बघत राहिली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी मी अख्ख्या वॉर्डाच्या बाह्या कापल्या. जोडायला घेतल्या तर सगळ्या डाव्या. बाहीचा कागद उलटायलाच विसरलो होतो, आणि असल्या कापडाची बाजू पालटता येत नाही. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी त्या ढिगासमोर बसलेलो असताना सिस्टर आली. सासूबाई डोळे तपासायला गेल्या होत्या. तिने दोन बाह्या उचलून एकमेकींना लावून बघितल्या.

"आमच्याकडे सगळ्यांना दोन्ही हात डावेच आहेत, असं कोणी सांगितलं?" मग हळू आवाजात म्हणाली, "लक्ष कुठे होतं?"

"तुमच्याकडे," मी म्हणालो.

आणि मग बोलतच सुटलो. "मला कळत नाही हो. तिची आठवण येते... आणि तुम्ही येणार म्हणून मी सकाळी दाढी करतो. दोन्ही एकाच दिवशी. हे बरोबर आहे का, तेही कळत नाही."

"मी रोज हेच बघते," ती म्हणाली. "एका खोलीत रडतात, शेजारच्या खोलीत मूल जन्माला येतं. मधली भिंत एकच. तुम्ही फक्त एवढं सांगा... तिकडे येत नाही म्हणून कळवू?"

"कळवा."

तिने बाह्यांचा ढीग बाजूला सारला आणि माझ्या शेजारी बसली. विचारलं, सासूबाईंना कोण सांगणार? मी म्हणालो, मीच.

नवं कापड आणून उजव्या बाह्या कापल्या. उरलेल्या डाव्यांचे सिस्टरने दवाखान्याच्या उशांना अभ्रे करायला लावले. वॉर्डातले सगळे आता आमचेच गाऊन घालतात, आणि डबा बराचसा रिकामा असतो.

सासूबाई मला टिचबटणं लावायला मदत करतात. परवा पिवळ्या पट्टीचा गाऊन मांडीवर घेऊन म्हणाल्या, "जावईबापू, या मापाचे अजून दोन करून ठेवा. ती पोर हल्ली रोजच येते." त्यांना सगळं ठाऊक आहे की काहीच नाही, मला सांगता येत नाही. बॅग अजून कॉटखालीच आहे. काहीही झालं तरी हे घर तुमचंच, हे त्यांना आधी सांगायचं आणि मग सिस्टरबद्दल.

दोन्ही अजून सांगायचं राहिलं आहे.