'येतो' या शब्दाचं वजन

मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाचा शेवटचा शब्द यापुढे कधीही हरवणार नाही, अशी ग्वाही थोथ यंत्राच्या उद्घाटनाला मिरजेत देण्यात आली. माणसाने भाषा शोधली, मग लिपी शोधली, आणि आज त्याच्या मौनालाही लिपी मिळाली, असं प्रमुख पाहुणे म्हणाले. टाळ्या ओसरल्यावर पहिल्या रुग्णाला यंत्र जोडलं. कित्येक महिने हूं की चूं न केलेल्या त्या गृहस्थांचा पहिला शब्द पडद्यावर उमटला: 'खाजवा.' कुठे, ते यंत्राला शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

तरीही थोथ रुजलं, कारण त्याच्या पाठीशी कायदा होता. एखाद्याचा श्वास यंत्रावर चालला आहे, तो बरा होणार नाही हे ठरलं आहे, अशा वेळी नळी काढायची की नाही हा प्रश्न पूर्वी नातेवाइकांना विचारत. नातेवाईक एकमेकांकडे बघत, मग डॉक्टरांकडे, मग छताकडे. नव्या कायद्याने ठरवलं की हा प्रश्न खुद्द रुग्णालाच विचारायचा आणि थोथ जे लिहील ते अंतिम मानायचं.

हेरंब ताम्हनकरला हा कायदा मनापासून पटला होता. तो सांगलीच्या एका कॉलेजात वाणिज्य शिकवायचा. नाजूक निर्णय दुसऱ्याच्या टेबलावर अलगद सरकवण्याची कला त्याने स्टाफरूममध्ये नीट आत्मसात केली होती. वडील, म्हणजे अप्पा, अर्धांगाच्या झटक्याने आडवे झाले, मेंदूच्या देठात गुठळी झाली, पापणीसुद्धा हलेना, आणि तपासणाऱ्या प्रत्येकाने नकारार्थी मान हलवली, तेव्हा त्याने त्यांना मिरजेच्या थोथ कक्षात आणलं. इच्छा अप्पांची, अक्षर यंत्राचं, आपल्याकडे फक्त रडण्याचं काम, असा त्याचा हिशेब होता.

कक्षाच्या प्रमुख डॉ. शाल्मली हिर्लेकर बोलायला मोकळ्या होत्या. बोलणं म्हणजे तीन मुक्कामांचा प्रवास, त्यांनी सांगितलं. आधी मेंदूत नुसता आशय उठतो, मग त्याला शब्द मिळतो, मग शब्द जिभेवर येतो. अप्पांच्या बाबतीत जिभेकडे जाणारा पूल वाहून गेला आहे, पण आधीचे दोन मुक्काम गजबजलेले आहेत. थोथची जाळीदार टोपी पहिल्या मुक्कामावरच विजेच्या बारीक लहरी पकडते. प्रत्येक आशयाचा त्या लहरींत एक ठसा असतो, त्याला आशयमुद्रा म्हणायचं. तहानेची मुद्रा वेगळी, रागाची वेगळी. आणि प्रत्येकाच्या डोक्यातलं गाव निराळं वसलेलं असल्यामुळे यंत्र आधी काही दिवस घरच्यांचे आवाज, ओळखीची नावं, खाण्याचे पदार्थ रुग्णाला ऐकवत त्या गावाचा नकाशा काढतं; सोबतच्या घरच्यांचाही एक नियमाप्रमाणे काढून ठेवतं.

हेरंबची आई, इंदुमतीबाई, हे सगळं लक्ष देऊन ऐकत होत्या. त्यांची शंका एवढीच होती की थोथ म्हणजे काय. डॉक्टरांनी सांगितलं की तो प्राचीन इजिप्तचा देव, विद्येचा आणि लेखनाचा. धड माणसाचं, डोकं शराटी पक्ष्याचं, चोच बोरूसारखी लांब. माणूस मेला की त्याचं काळीज तराजूच्या एका पारड्यात ठेवायचे आणि दुसऱ्यात एक पीस. थोथ बाजूला उभा राहून काय भरलं ते लिहायचा.

"म्हणजे चित्रगुप्त की," इंदुमतीबाई म्हणाल्या.

"जवळपास तेच, काकू."

"मग चित्रगुप्तच नाव द्यायचं. आपल्या माणसाला कळलं तरी असतं."

ते नाव सुचलं होतं, डॉक्टर म्हणाल्या, पण कळतं म्हणूनच वगळलं. पाटी वाचूनच नातेवाइकांचं ब्लडप्रेशर चढायला लागलं होतं. इंदुमतीबाई दुसऱ्या दिवसापासून यंत्राला थोतांड म्हणू लागल्या. त्यात टोमणा नव्हता. त्यांना ते त्याचं पूर्ण नाव वाटत होतं.

अप्पांचा नकाशा काढायला थोथला वेळ लागला, कारण अप्पा जन्मभर विमा एजंट होते. माणसं मरतात या एकाच गोष्टीवर त्यांचं घर चाललं, आणि मरण हा शब्द त्यांनी एकाही गिऱ्हाइकासमोर उच्चारला नाही. 'काही बरंवाईट झालं तर' एवढ्यावर त्यांनी अर्ध्या जिल्ह्याचे विमे उतरवले. निरोप घेण्याच्या बाबतीत तर त्यांची ख्यातीच होती. 'येतो' म्हणून उठायचे, चपला घालायचे, दारात उभे राहून नवा विषय काढायचे, आणि यजमानांनी कंटाळून 'बसा ना' म्हटलं की खरंच बसायचे.

प्रश्न विचारण्याचा दिवस आला. डॉक्टरांनी अप्पांच्या कानाशी वाकून कायद्यातलं वाक्य सावकाश म्हटलं: आपला कृत्रिम श्वास थांबवावा, अशी आपली इच्छा आहे का? सगळे पडद्याकडे वळले. मग अक्षरं उमटली.

'येतो.'

इंदुमतीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "निरोप घेतला हो यांनी," त्या हळूच म्हणाल्या, आणि हात जोडले.

हेरंबचा हात खिशातल्या रुमालाकडे गेला, तेवढ्यात डॉक्टरांनी पडद्याच्या तळाशी बोट दाखवलं. नुसत्या शब्दावर कायद्याचं भागत नाही, शब्दाखाली त्याचा अधिकृत अर्थही यंत्रालाच द्यावा लागतो. तिथे लिहिलं होतं: 'परत येण्याची इच्छा. श्वास चालू ठेवावा.'

"हे चूक आहे," हेरंब म्हणाला.

"असेल. मीसुद्धा घरातून निघताना येतेच म्हणते," डॉक्टर म्हणाल्या. "पण यंत्र शब्द वाचत नाही, ताम्हनकर. शब्दामागची मुद्रा वाचतं. जाण्याची मुद्रा असती तर ती ओळखली असती."

मग त्यांनी नकाशा मोठा करून दाखवला. बहुतेक माणसांत जाणं आणि येणं या दोन मुद्रा गावाच्या दोन टोकांना असतात. अप्पांच्या डोक्यात त्या एकाच घरात नांदत होत्या. लहानपणापासून माणूस उंबऱ्यावर जे म्हणत आला, तेच हळूहळू त्याच्या डोक्यात खरं होऊन बसतं. सत्तर-बाहत्तर वर्षं अप्पा गेलेच नव्हते. ते नेहमी येतच होते.

हेरंबला वाटलं, प्रश्नच नीट विचारला तर काम होईल. डॉक्टरांनी त्याच्या आग्रहाखातर तो उघड शब्दांत विचारला: तुम्हाला मरण हवं आहे का? यंत्राने ताबडतोब लिहिलं: 'भलतंसलतं बोलू नका.' मग डॉक्टरांनी सुचवलं की अप्पांना फक्त 'जातो' हा शब्द मनात म्हणायला सांगून बघू. हे ऐकून इंदुमतीबाई खुर्चीतून उठल्या.

"यांच्या तोंडी जातो? अहो, पावसात छत्री आणायला निघाले तरी कधी म्हणाले नाहीत. तुमच्या त्या थोतांडासाठी आता म्हणायचं?"

शब्द विचारला गेला नाही.

आता एकच वाट उरत होती आणि ती कायद्यात होती. रुग्णाचं वाक्य दोन अर्थांचं असेल तर घरच्यांपैकी एकाने त्याला नेहमीसारखं उत्तर द्यायचं. ते ऐकून रुग्णाच्या मनात जी मुद्रा उठेल ती निर्णायक. मात्र उत्तर देणाऱ्यालाही टोपी घालावी लागते, म्हणजे तो लोभापोटी किंवा दडपणाखाली बोलत नाही ना, ते कळतं. उत्तर देणाऱ्याच्या मनात खरं काय आहे तेही थोथ लिहितं.

हे वाक्य ऐकल्यावर हेरंबने खुर्ची मागे सरकवली. आपल्याला खरं काय हवं आहे हे त्याने गेले काही आठवडे स्वतःला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. रोज सांगली-मिरज करताना, नळीचा तो सुस्कारा ऐकताना, अप्पांचे फुगलेले पाय दाबताना एक विचार येऊन जायचा, आणि तो आला की हेरंब घाईघाईने पेपर तपासायला घ्यायचा. आता तोच विचार आईदेखत पडद्यावर उमटणार होता, मोठ्या टायपात.

"आई, तू म्हण," तो म्हणाला.

"मी नको. मी या म्हटलं की हे काहीतरी विसरलं म्हणून माघारी यायचे. चष्मा तरी, किल्ल्या तरी. माझ्याच्यानं यांचं जाणं कधी धड झालं नाही. तू म्हण."

"काय म्हणू?"

"येतो म्हणणाऱ्याला काय म्हणतात?"

ते त्याला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत असतं. येतो म्हणणाऱ्याला 'या' म्हणतात. 'जा' म्हटलं असतं तर यंत्राला चटकन कळलं असतं, आणि हेरंबने टोपी घालता घालता तो शब्द मनात घोळवूनही पाहिला. बापाला 'जा' म्हणायचं. घरातून हाकलून दिल्यासारखं. ते त्याच्याच्यानं होणार नव्हतं. शेवटी त्याने ठरवलं की म्हणायचं 'या'च, पण मनात अगदी स्पष्ट, ठणठणीत धरायचं की अप्पा, सुटा आता. यंत्र मन वाचतं ना, मग वाचेलच. आणि आईला दिसलं तर दिसलं.

त्याने वाकून अप्पांचा हात धरला. हात ऊबदार होता. त्याची अडचण झाली.

"या, अप्पा," तो म्हणाला.

पडद्यावर आधी त्याची ओळ आली: 'या. आशय: बोलावणे. दडपण नाही, लोभ नाही.' तिच्याखाली क्षणभराने अप्पांची आली: 'आलोच.' आणि तळाशी अधिकृत अर्थ: 'रुग्ण परत येत आहे. श्वास चालू ठेवावा.'

इंदुमतीबाईंनी पडदा वाचला, मुलाच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तू मनाचा चांगला आहेस हे मला ठाऊकच होतं, अशा अर्थाचं काहीतरी म्हणत पाणी आणायला बाहेर गेल्या.

हेरंबने टोपी काढली. त्याचे केस कपाळाला चिकटले होते. "डॉक्टर, यंत्र चुकलं," तो म्हणाला. "मी मनात वेगळं धरलं होतं."

"शब्द धरला असेल. मुद्रा उठली नाही." त्यांनी त्याचाही नकाशा लावला. तिथेही तेच एक घर होतं, दारं-खिडक्यांसकट. "आम्हाला सुरुवातीला वाटायचं, माणूस वर एक बोलतो आणि आत खरं काहीतरी दुसरं असतं, ते शोधलं की झालं. आता वाटतं, पुष्कळदा आत दुसरं काही नसतंच. जे बोलत आलो तेच असतं."

"पण मला खरंच वाटत होतं की मोकळं व्हावं."

"कुणी?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. नकाशावर टीप लिहायची होती, म्हणून विचारलं होतं.

हेरंबने तोंड उघडलं. अप्पांनी, असं म्हणायचं होतं. त्याने कोऱ्या झालेल्या पडद्याकडे पाहिलं, मग हातातल्या टोपीकडे पाहिलं. ती अजून चालू होती की बंद, हे त्याला कळेना. तोंड त्याने मिटून घेतलं.

रुग्णाला वारंवार छळू नये म्हणून तोच प्रश्न पुन्हा वर्षभर विचारता येत नाही. अप्पांचा श्वास चालू आहे. हेरंब एक दिवसाआड येतो, पाय दाबतो, आणि निघताना काही न बोलता मागच्या दाराने जातो.

सीमेपलीकडून येणारे कानडी रुग्णही जन्मभर घरातून निघताना 'होगी बर्तीनी', म्हणजे जाऊन येतो, असंच म्हणत आलेले असतात. उद्घाटनापासून त्या कक्षातून थोथच्या संमतीने अजून कुणीही गेलेलं नाही. खाटा कमी पडतात, त्यामुळे शेजारच्या इमारतीचा वरचा मजला घेतला आहे.