काळ्या फ्रेमची काच

कोणाला ठसका येत असेल तर आत्ताच खोकून घ्या, पोरांनो. वारा आज मिरच्या वाळत घातलेल्या पथाऱ्यांवरून येतोय. एकदा सुरू झालं की मध्ये थांबायचं नाही.

ही हेमकांत मास्तरची गोष्ट. आपल्या कोरीट गावचाच, नंदुरबारला हायस्कुलात गणित शिकवायचा. भुताखेतांची टिंगल करणारा माणूस. त्याने हे एकदाच, मान खाली घालून सांगितलं. जसं सांगितलं तसंच ऐका.

काम साधंच होतं. घरातली जुनी न्हाणी पाडून त्याने नवी बांधली होती. टाइल्स लागल्या, नळ लागले. शॉवरचं पाणी बाहेर उडू नये म्हणून दाराच्या जागी आडोशाची काच तेवढी राहिली होती. जानेवारीतला रविवार होता. बायको रुपा आणि पोरगी काजल, दोघींना घेऊन तो नंदुरबारला अजीजभाईच्या काचेच्या दुकानात गेला.

जुनी न्हाणी का पाडली, तर त्याची आई धनुबाई तिथेच गेली. श्रावणात, सकाळी आंघोळीला गेली अन् पाय घसरून पडली. आतून कडी. रुपा कामाला गेलेली, पोरगी शाळेत, आणि हेमकांत दुपारच्या शाळेआधी मळ्यात. तो आला, शेजाऱ्यांना बोलावून दार फोडलं, तोवर सगळं संपलं होतं. तेव्हापासून तो दिसेल त्याला सांगायचा की, आता अशी न्हाणी बांधीन, आत कोणी पडलं तर बाहेरून दिसलं पाहिजे. गाव म्हणायचं, पोरगा असावा तर असा.

पण तेव्हापासून त्याच्या नाकावर राग बसलेला. एक टाइल तिरपी लागली तर अख्खी ओळ स्वतः छिन्नी घेऊन उखडली. गवंड्याला दोनदा हाकलला.

दुकानात अजीजभाईने तीन काचा पुढे ठेवल्या. एक दुधी, एक रेषारेषांची, एक साधी आरपार. फ्रेम काळीच घ्यायची यावर सगळ्यांचं जमलं. काळी कड लांबून दिसते, कोणी काचेवर आपटत नाही. भांडण काचेवरून झालं. काजलने दुधी काचेवर हळूच बोट ठेवलं. हेमकांत म्हणाला, साधी. अजीजभाईनेही समजावलं, की सर, घरात बायामाणसं आहेत, दुधी बरी. तरी साधीच. रुपाने आवाज खाली घेऊन सांगून पाहिलं की पोरगी नववीत आहे, थोडा विचार करा. ऐकेना, तेव्हा ती म्हणाली,

"न्हाणी शे का दुकाननी शोकेस?"

हेमकांतने हातातला नमुना काउंटरवर आदळला. कोपऱ्याचा टवका उडाला.

"मन्ही माय बंद दारमांगे मरनी. मन्हा घरमा आते काहीच झाकेल ऱ्हावाव नही."

अजीजभाईने माप लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी रुपा काजलला घेऊन माहेरी, प्रकाशा गावाला निघून गेली. तो अडवायलाही उठला नाही. गेली तर गेली, म्हणाला.

गुरुवारी अजीजभाई स्वतः येऊन काच बसवून गेला. जमिनीपासून डोक्याच्या वरपर्यंत काळी फ्रेम, काचेचा एक पाट म्हणजे पल्ला पक्का, एक सरकता. कडी नाही, कुलूप नाही. बोटाने ढकललं की सरकायचा. अजीजभाईने दोनचारदा सरकवून दाखवला.

तोच गुरुवार, तेवीस जानेवारी. रात्रीचे सव्वानऊ. हेमकांत एकटाच बाहेरच्या खोलीत बातम्या बघत बसलेला. थंडी होती, दारंखिडक्या बंद.

टक... टक... टक.

त्याला वाटलं, पाल असेल. नाहीतर नळ. आवाज पुन्हा आला. काचेवर बोटाचं पेर वाजवावं, तसा. घाईचा नव्हता. रडका नव्हता. रागावलेलं माणूस दार वाजवतं, तसा.

हेमकांतने काय केलं असेल? टीव्हीचा आवाज वाढवला.

टकटक मोठी झाली. त्याने आणखी वाढवला. तीही वाढली. भिंतीवरची फोटोची चौकट हलायला लागली, तेव्हा त्याने रिमोट भिरकावला आणि तणतणत न्हाणीकडे गेला. लाइट लावला.

साधी, आरपार काच... पांढरी झाली होती. आतून. कोणीतरी जवळ तोंड नेऊन श्वास सोडत राहावं, तशी. गिझरची वायर अजून जोडलेली नव्हती. शॉवर कोरडा.

टक.

आवाज खालून आला. गुडघ्याच्याही खालून.

त्याने पाट ओढला. हलेना. दोन्ही हातांनी ओढला. हलेना. पाय लावून ओढला... कडी नाही, कुलूप नाही... हलेना. तो ओरडला,

"हाका मारीमारी मरनी तरी मी उठाव नही!"

बोलून गेला, आणि पाट सोडून दिला.

हे शब्द त्याने आधीही उच्चारले होते. श्रावणातल्या त्याच सकाळी. घरी शाळेचे पाहुणे आलेले, त्यांच्यासमोर म्हातारी त्याला टाकून बोलली. पाहुणे गेल्यावर तो आईला हे असं म्हणाला. मग ती आंघोळीला गेली. पडली. हाका मारल्या... हेमा... हेमा... तो मळ्यात नव्हता, पोरांनो. तो बाहेरच्या खोलीत होता. त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. चाळीस मिनिटं. हाका थांबल्या, तेव्हा उठला. मागच्या दाराने मळ्यात गेला, पायांना चिखल लावला, परत आला. मग शेजारी बोलावले.

आणि आता काचेपुढे तो खाली बसला. किती वेळ, त्याला माहीत नाही.

"माय... मी मळामा नव्हतू. घरमाच व्हतू. तुन्ही हाक माले ऐकू ई ऱ्हायंती."

त्याने कपाळ काचेला टेकवलं.

टीव्ही बंद पडलेला की चालू, तेही कळेना.

मग पाट सरकला. वीतभर. थांबला.

आत कोणी नव्हतं. टाइल्स कोरड्या. तो म्हणाला, आईने माफ केलं असतं तर कळलं असतं मला. तसं काही वाटलं नाही. वाटलं, आता ती माझ्याशी बोलायची थांबली. कायमची.

उजाडायच्या आत तो मोटरसायकलने प्रकाशाला पोचला. रुपाच्या वडिलांसमोर, सगळ्यांसमोर, जे होतं ते सांगितलं. रुपा रडली नाही. म्हणाली,

"माले काय सांगतस? मायले सांगाले जोयजे व्हतं."

"काल तिलेच सांगं मी," तो म्हणाला.

ती उठून आत गेली. आतूनच निरोप पाठवला, की ती काच आधी काढा, मग बघू. पुढे ती घरी आली, राहिलीही. पण त्याच्या हातचं पाणी ती अजून पीत नाही. गावानेही त्याला सोडलं नाही. पोरगा असावा तर असा, हे आता लोक त्याच्या तोंडावर म्हणतात. म्हणावंच.

काच काढायला शनिवारी अजीजभाई आला. स्क्रू काढले, पाट उतरवले, खालची काळी पट्टी उचलली. आणि तसाच उकिडवा बसून राहिला. पट्टी पक्की व्हावी म्हणून तिच्याखाली तो सिलिकॉन भरतो. ओलं असतं लोण्यासारखं, दिवसभरात रबरासारखं घट्ट होतं. गुरुवारी त्याने ते स्वतःच्या पात्याने सपाट केलं होतं, वर पट्टी दाबून स्क्रू आवळले होते. मध्ये कागदही शिरला नसता.

त्या सिलिकॉनमध्ये चार बोटं उमटली होती. बारीक, म्हाताऱ्या माणसाची. नखांसकट. बंद दाराच्या फटीतून कोणी बाहेर काढावीत तशी... आतून बाहेरच्या दिशेला.