सळईवरचे गेरूचे वळसे

या, जवळ सरका. पंखा जरा बंद करा... आवाज नको.

ही घडलेली गोष्ट आहे. जिच्या बाबतीत घडली ती उमाबाई माझी सख्खी आत्या. गेल्या वैशाखातली, शिवनाम सप्ताहाच्या आदल्या दिवसाची टळटळीत दुपार. जळकोटच्या अलीकडचं गाव. नाव सांगणार नाही, माणसं अजून तिथंच नांदतात.

तिथल्या मठाच्या पक्क्या कीर्तन-मंडपात लाकडी नक्षीचं जड छत टांगलेलं होतं. बारा लोखंडी सळयांवर. स्लॅबला खालून भोकं पाडून, त्यात केमिकल भरून सळया चिकटवलेल्या. हे काम आत्याच्या नवऱ्याचं, वीरप्पा मिस्त्रीचं. काम संपलं अन् महिन्याभरात तो देवाघरी गेला.

सळई स्लॅबात शिरते तिथं ओल्या गेरूचा वळसा काढायची त्याची रीत. सळई केसभर जरी उतरली, तरी वळसा स्लॅबपासून सुटा दिसतो.

आत्या एकटीच मंडप झाडत होती.

टिक... टिक... टिक...

नखानं लोखंड वाजवल्यासारखं.

तिनं वर बघितलं. कुणी नाही.

मग तिच्या हातावर एक थेंब पडला... लाल.

शिडी कोठीत कुलुपात. किल्ली आत्याच्याच कमरेला. तिनं शिडी काढली, पदर खोचला अन् चढली.

सळईवर वळसा एक नव्हता.

सात होते... एकाखाली एक.

खालच्यांत केसाचं अंतर. वरच्या दोघांत जोंधळ्याचा दाणा बसेल एवढं. सगळ्यात वरचा स्लॅबला टेकलेला, ओलाच.

एक वीरप्पानं जिवंतपणी काढला होता.

तो जाऊन सहा वर्षं झाली होती.

दुसरी बाई असती तर किंचाळत पळाली असती. आत्या उतरली ती थेट मठाच्या कारभाऱ्याकडं, शिवप्पाकडं गेली.

"अण्णा, उद्या बाया-पोरं आत बसणार न्हाईत. छत उतरतंय. सळईवर गेरूचे सात वळसे हाईत."

"उमक्का, परवाच विरेशनं यंत्र लावून सळया ओढून बघितल्या. दुप्पट जोर लावला. ढिम्म हालल्या न्हाईत."

"किती येळ ओढल्या?"

"पाच मिन्टं," तिथंच बसलेला इंजिनिअर विरेश म्हणाला.

"बाळा, ते सहा वरसं लोंबकळतंय. रात्रंदिस, असल्या उन्हात. पाच मिन्टं तर मीबी तुला खांद्यावर घिऊन हुभी ऱ्हाईन!"

विरेशला हसू आलं. शिवप्पाला नाही.

"म्हंजे नवऱ्याचं काम कच्चं म्हणतीस व्हय?"

 नवऱ्याच्या चांगल्या नावावरच ती सहा वर्षं गावात ताठ मानेनं वावरली होती.

"व्हय, म्हणते. त्येनी आरपार बोल्ट मागितले हुते. वरचं वॉटरप्रूफिंग फुटंल म्हणून तुमीच नको म्हणलात. तरी हात त्येंचा लागला, म्हणून मीच सांगते."

"अन् त्या खुणा कुणी केल्या? परवा विरेशला त्या मिस्त्रीच्याच मापाच्या वाटल्या."

"शिडी लावलीय. तुमी जावा वर, इचारा."

कुणी गेलं नाही.

सकाळी आत्या टाळ घेऊन मंडपाच्या उंबऱ्यावर आडवी बसली. "ज्येला आत जायचंय त्येनं माझ्या अंगावरनं जावं!"

शिवप्पा ओरडला, मठाच्या महाराजांची भीती घातली. आत्या शिवनाम म्हणत राहिली. शेवटी महाराजच हसून म्हणाले, "माय, देवाला अंगण चालतं." कीर्तन बाहेर उभं राहिलं. अन् काय रंगलं म्हणता! आत्याचा आवाज सगळ्यांच्या वर.

तिसऱ्या दिवशी, दुपारी तीनला, ऐन कीर्तनात, मंडपातनं धाडकन आवाज आला.

छत पडलं.

रिकाम्या सतरंज्यांवर.

गाव म्हणालं, वीरप्पानं राखलं. आत्या मात्र त्या धुळीत उभी राहिली अन् उघड्या स्लॅबकडं बघून कडाडली, "दरसाल येत हुतात? मी खालीच झाडत हुते की! सहा वरसं गप का ऱ्हायलात?"

 आत्या अजून तिथंच झाडते. शिवप्पा त्या मंडपात पाऊल टाकत नाही. मलाही विचार केला की अंगावर काटा येतो... आदल्या सहा वर्षांत किती कीर्तनं झाली, मी स्वतः त्या छताखाली किती वेळा मांडी घालून डुललोय!

तेव्हा मायबाप हो, कीर्तनात बसाल तेव्हा शिवनामाबरोबर एकदा वीरप्पा मिस्त्रीचं नाव घ्या. मेल्यावरही त्याला कामावरनं सुट्टी मिळाली नाही.